जबड्याचं ऑपरेशन: कॉस्मेटिक कुणाला म्हणायचं?

मागच्या काही भागांनंतर एक मेसेज परत परत येतोय: "दादा, तुझा 'स' शिट्टी मारतो, माइक बदल." माइक चांगला आहे. खालचा जबडा वरच्या जबड्याच्या पुढे आहे, त्यामुळे 'स' म्हणताना हवा भलतीकडून सुटते. दीपनगरच्या कॉलनीत शाळेत असताना यावरून मला जी नावं पडली ती इथे सांगत नाही, भाग कुटुंबासोबत ऐकणारेही आहेत.

तर, माझ्या दातांना गेले सोळा महिने तारा आहेत आणि येत्या डिसेंबरात जबड्याचं ऑपरेशन आहे. ऑर्थोग्नॅथिक सर्जरी म्हणतात त्याला. जबड्याचं हाड कापायचं, योग्य जागी सरकवायचं आणि पट्ट्या-स्क्रूने बसवायचं. आरोग्य विमा आहे म्हणून आधी मंजुरी मागितली. कंपनीचं दोन ओळींचं उत्तर आलं. त्यात एकच शब्द महत्त्वाचा होता: कॉस्मेटिक. म्हणजे हौसेचं, दिसण्यासाठीचं.

मी इंजिनिअर माणूस. सिस्टीमने एरर दिली की ती कुठल्या ओळीतून आली ते शोधायची सवय. तसाच या शब्दाच्या मागे मागे गेलो. चेहऱ्यावर चाकू चालवणं कधीपासून हौस झालं? आजचा भाग त्यावर आहे. इतिहासच आहे, काळजी करू नका, फक्त यावेळी किल्ले नाहीत.

सुरुवात पुण्यापासून करू, कारण चेहऱ्याच्या सर्जरीचा इतिहास पुण्याला वगळून जगात कुणालाच लिहिता येत नाही. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. त्यात कावसजी नावाच्या माणसाची हकिगत होती. नाव पारशी वाटतं, पण पत्रात त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटलंय. इंग्रज फौजेत तो बैल हाकायचा. टिपू सुलतानाशी १७९२ च्या लढाईत तो पकडला गेला आणि त्याचं नाक आणि एक हात कापून सोडून देण्यात आलं. साधारण वर्षभर तो बिननाकाचा होता. मग पुण्याजवळ वीट भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. मुंबईचे दोन इंग्रज सर्जन हे ऑपरेशन बघायला हजर होते.

पद्धत ऐका. आधी मेणाचं नाक करून चेहऱ्यावर बसवून बघायचं. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवायचं आणि कडेने रेघ मारायची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोलायची, पण दोन डोळ्यांच्या मधला एक छोटा पट्टा तसाच ठेवायचा, कारण रक्त तिथूनच येणार. कातडी पिळवटून खाली आणायची, नाकाच्या जागी बसवायची, आणि चिकटवायला काय? कात. पानात खातो तोच कात, पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर. चार दिवसांनी तो काढून तुपात भिजवलेल्या चिंध्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास वरचा पट्टा कापायचा. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने हे वाचलं, १८१४ मध्ये स्वतः करून बघितलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक छापलं. युरोपातल्या नव्या प्लॅस्टिक सर्जरीची सुरुवात बरेच जण तिथून धरतात. पत्र लिहिणाऱ्याने रुग्णाचं नाव दिलं, बघ्यांची दिली. ज्याने नाक बसवलं त्याचं मात्र दिलं नाही. मला याचा राग येतो, पण तो वेगळा भाग होईल.

आता बघा, नाकाचा शेंडा कापला तरी माणूस श्वास घेतो, जेवतो, बैल हाकतो. कावसजीला ईस्ट इंडिया कंपनीचं पेन्शनही मिळत होतं. मग कपाळ सोलून घ्यायची हिंमत कशासाठी? आपल्या भाषेत 'नाक कापलं गेलं' म्हणजे काय होतं ते वेगळं सांगायला नको. शिक्षा देणाऱ्यालाही तेच हवं होतं. त्याचं काम नाही, त्याचं माणसांत बसणं तोडायचं होतं. पुण्यात जे दुरुस्त झालं ते हे. याला कॉस्मेटिक म्हणा बरं.

मग पुढचा प्रश्न. नाक एवढं लवकर जमलं तर जबडा का नाही जमला? जबडा पुढे असलेली माणसं काही नवीन नव्हती. युरोपात हॅब्सबर्ग नावाचं राजघराणं होतं, त्यांच्यात हा जबडा पिढ्यान्‌पिढ्या उतरला. सम्राट पाचवा चार्ल्स, जन्म १५००, अर्धा युरोप आणि अमेरिकेतला प्रचंड मुलूख याच्या ताब्यात. पण वरचे-खालचे दात जुळत नसल्यामुळे याला घास नीट चावता यायचा नाही. चित्रकारांनी दाढी रंगवून हनुवटी झाकली. सम्राटाकडेसुद्धा एवढाच उपाय होता.

कारण साधं आहे. नाकाचं काम कातडीचं आणि बाहेरचं. जबडा म्हणजे हाड, आणि तेही तोंडाच्या आत, जिथे लाळ आहे, जंतू आहेत. हाडाच्या पोटातून शीर आणि रक्तवाहिनी जाते. कापताना माणूस जागा असून चालत नाही, आणि झोपवला तर श्वासाची वाटही तीच. सॉफ्टवेअरवाल्यांना पटकन कळेल: ही डिपेंडन्सीची भानगड आहे. आधी पाच-सहा दुसऱ्या गोष्टी तयार झाल्याशिवाय हे रन होणारच नव्हतं. आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी वेगळ्याच दुखण्यातून आली.

पहिली गोष्ट भूल. १६ ऑक्टोबर १८४६ ला बॉस्टनमध्ये ईथर देऊन जाहीर ऑपरेशन झालं आणि पुढच्या काही वर्षांत सर्जरीच बदलून गेली.

१८४९ मध्ये अमेरिकेतल्या व्हीलिंग गावच्या सायमन हलिहेन या डॉक्टरने एक केस छापली. हलिहेन दातांचंही काम करायचा आणि सर्जरीही. रुग्ण वीस वर्षांची मुलगी. लहानपणी भाजली होती. मानेची कातडी आकसून घट्ट झाली आणि वाढीच्या वयात तिने खालचा जबडा ओढून ओढून लांब केला. मान वळत नव्हती, ओठ मिटत नव्हते. हलिहेनने खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातून दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे तुकडे काढून तो भाग मागे बसवला, मग मानेचा व्रण सोडवला, मग खालचा ओठ दुरुस्त केला. जबडा सरकवण्याचं छापील नोंद असलेलं पहिलं ऑपरेशन म्हणून आज हेच सांगतात.

मग जवळजवळ पन्नास वर्षं या बाबतीत फारसं काही नाही. थेट १८९७, सेंट लुईस. व्हिलरे ब्लेअर हा सर्जन. सोबत एडवर्ड अँगल, म्हणजे ज्याला आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचा बाप म्हणतात तो. रुग्ण मेडिकलचा विद्यार्थी. खालचा जबडा पुढे, दात जुळत नाहीत. तो भाजला नव्हता, पडला नव्हता, लढाईत गेला नव्हता. वाढताना जबडा असा वाढला, बस. ब्लेअरने जबड्याच्या दोन्ही बाजूंनी हाडाचा एकेक तुकडा काढला आणि पुढचा भाग मागे घेतला. दात कुठे बसायला हवेत हा विचार दातांच्या माणसांचा, करवत सर्जनची. दोन धंदे पहिल्यांदा एका टेबलाशी आले. त्यानंतर दोन वर्षांनी, १८९९ मध्ये, अँगलने दातांच्या ठेवणीचे तीन वर्ग पाडले. माझ्या फाइलवर 'क्लास थ्री' लिहिलंय ते तिथूनच.

आता विम्याकडे या. आपल्याकडच्या पॉलिसींमध्ये एक ठरलेलं कलम असतं. अर्थ असा: रूप बदलण्यासाठीच्या उपचाराचे पैसे मिळणार नाहीत. अपवाद, अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना. किंवा तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका आहे म्हणून गरजेचा उपचार, आणि तसं उपचार करणाऱ्या डॉक्टरने लिहून द्यायला हवं. हे कलम वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण ही रेघ बरोबर १८४९ आणि १८९७ च्या मधून जाते. हलिहेनची मुलगी भाजलेली, तिचा क्लेम पास. ब्लेअरच्या विद्यार्थ्याचा नापास. दोघांचाही जबडा पुढे, दोघांचंही हाड कापलं, दोघांनाही चावता येत नव्हतं. फरक एवढाच की एकीकडे कारण दिसतं आणि दुसरीकडे जन्मतःच ठरलेलं असतं.

चावण्याचं सांगतो, कारण हे लोकांना खरं वाटत नाही. कळण्याची भाकरी समोरच्या दातांनी तोडून बघा. तुम्हाला जमतं, कारण तुमचे दात कात्रीसारखे एकमेकांवर येतात. माझे येतच नाहीत, मध्ये सहा मिलिमीटरची फट आहे. मी भाकरी हाताने बारीक करून दाढेकडे नेतो. मक्याचं कणीस सुरीने सोलून खातो. सगळा भार मागच्या चार-सहा दाढांवर पडतो, त्या झिजतात, कानापुढचा सांधा दुखतो. आरशाचा यात काही संबंध नाही.

परत डिपेंडन्सीकडे. १८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले. १९०१ मध्ये फ्रान्सच्या लील शहरात रेने ल फोर या डॉक्टरने जे केलं ते ऐकून थोडं कसंतरी होईल. त्याने पस्तीस प्रेतांच्या डोक्यांवर वेगवेगळ्या बाजूंनी जोरदार मार दिला आणि चेहऱ्याची हाडं कुठे फुटतात ते पाहिलं. कवटी वाटेल तिथे फुटत नाही, ठरावीक कमजोर रेघांवर फुटते, असं त्याला दिसलं. तीन रेघा. सगळ्यात खालची नाकाच्या बुडाशी आडवी जाते आणि वरचे दात, हिरड्या, टाळू असा अख्खा भाग वेगळा करते. ल फोरला अपघाताच्या रुग्णांसाठी हे हवं होतं. पण पुढे सर्जन लोकांनी त्याच रेघेवरून मुद्दाम हाड कापायला सुरुवात केली. आज वरचा जबडा सरकवायच्या ऑपरेशनला 'ल फोर वन' म्हणतात. मोडण्याचा नकाशा कापण्याचा नकाशा झाला.

मग पहिलं महायुद्ध. खंदकातून माणूस डोकं वर काढतो आणि गोळी चेहऱ्याला लागते. इंग्लंडमध्ये सिडकपला १९१७ मध्ये फक्त अशा चेहऱ्यांसाठी हॉस्पिटल उघडलं. हॅरॉल्ड गिलिस तिथला मुख्य सर्जन. पाच हजारांहून जास्त सैनिकांवर तिथे उपचार झाले. या हॉस्पिटलात भूल देणाऱ्यांची पंचाईत अशी, की मास्क तोंडावर लावायचा आणि सर्जनला पण तोंडच हवं. आयव्हन मॅगिल आणि स्टॅनली रोबॉथम या भूलतज्ज्ञांनी श्वासनलिकेत नळी घालायचं तंत्र इथे घडवलं, नाकातून नळी न्यायचंही. माझ्या ऑपरेशनात नळी नाकातूनच जाणार आहे, कारण तोंड सर्जनला मोकळं लागतं आणि दात मधूनमधून जुळवून बघावे लागतात. म्हणजे दीपनगरच्या एका पोराच्या जबड्यासाठी तिकडे सोम नदीकाठच्या शिपायांनी आधीच किंमत मोजलेली आहे. याचं काय करायचं मला खरंच सुचत नाही.

आणि अँटिबायोटिक. तोंडाच्या आतून हाड उघडायचं तर त्याशिवाय जीव मुठीत धरावा लागायचा. आपल्याकडे १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली आणि पेनिसिलिन देशात बनायला लागलं. पिंपरी-चिंचवडमधून रोज ऑफिसला जाताना मी त्या नावाची पाटी बघतो.

गिलिसवरून आपण परत महाराष्ट्रात येतो. त्याच्याकडे शिकून आलेले डॉ. नोशिर अँटिया. मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये त्यांनी प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभा केला, पण त्याआधी आणि त्यासोबत ते पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग्यांच्या हॉस्पिटलात काम करत होते. कुष्ठरोगात नाकाचं आतलं अस्तर आणि कूर्चा खाल्ली जाते आणि नाक बसतं. औषध आलं, जंतू मेले, माणूस बरा झाला, तरी बसलेलं नाक लांबून ओळखू यायचं. गाव घरात घेईना, काम मिळेना. गिलिसची एक युक्ती होती, आकसलेल्या नाकाला आतून कातडीचं नवं अस्तर लावायचं. अँटियांनी ती कुष्ठरोग्यांच्या नाकांसाठी वापरली. रोग्याला प्रयोगशाळेच्या कागदावर बरं म्हणणं आणि गावाने बरं म्हणणं यात जे अंतर होतं, ते सर्जरीने भरलं. कावसजीनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी, पुण्याच्याच परिसरात, परत नाकच. माझ्या विमा कंपनीच्या त्या शब्दाला याहून चांगलं उत्तर मला मिळालेलं नाही.

जबड्याचं खरं कुलूप मात्र ह्यूगो ओब्वेगेसर या माणसाने उघडलं. ऑस्ट्रियाचा, ग्रात्सला ट्राउनर यांच्याकडे शिकला, पुढे झुरिकला गेला. तोपर्यंत खालचा जबडा आडवा कापायचे, बरेचदा गालाबाहेरून. आडवं कापलं की हाडाची टोकं जेमतेम टेकतात, नीट जुळत नाहीत आणि जबडा परत जुन्या जागी सरकतो. ओब्वेगेसरने तोंडाच्या आतून जाऊन जबड्याचा मागचा भाग उभा चिरला, जाडीत. काडेपेटी डोळ्यांसमोर आणा. आतला खण मागे-पुढे सरकतो, पण बाहेरच्या खोक्याला टेकूनच असतो. तसं. जबडा मागे घ्या नाहीतर पुढे न्या, हाडाला हाड भरपूर टेकलेलं राहतं, म्हणून जुळतं. चेहऱ्यावर व्रण नाही. ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांचा इंग्रजी लेख १९५७ मध्ये आला, १९६१ मध्ये इटलीच्या दाल पाँट यांनी त्यात सुधारणा केली, आणि आजही मूळ ढाचा तोच आहे. पुढे ओब्वेगेसरने वरचा जबडाही पूर्ण मोकळा करून हलवला आणि १९७० च्या आसपास दोन्ही जबडे एकाच बैठकीत. एवढं हाड सुटं केलं तर ते मरत कसं नाही, याचं उत्तर अमेरिकेत विल्यम बेल यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून दिलं: टाळू आणि हिरड्यांच्या मऊ भागातून रक्त येत राहतं. पुण्याच्या त्या वीटवाल्याने दोन डोळ्यांमधला पट्टा ठेवला होता ना? तेच गणित.

जोखीम पण सांगतो, नाहीतर जाहिरात होईल. त्या काडेपेटीच्या आतून खालच्या ओठाची संवेदना देणारी नस जाते. ऑपरेशननंतर ओठ-हनुवटी बधिर होतात. बहुतेकांची जाणीव हळूहळू परत येते, काहींची थोडी कमीच राहते. आधी तर जबडे तारेने सहा-सहा आठवडे बांधून ठेवत. आता टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रू असतात, त्यामुळे तोंड लवकर उघडता येतं.

राहिलं ऑर्थोडॉन्टिस्टचं काम, आणि मला सगळ्यात भारी तेच वाटतं. जबडे जुळत नसले की दात आपापली जुळवाजुळव करतात. माझे खालचे दात आत झुकले, वरचे बाहेर, कसंही करून एकमेकांजवळ यायला. प्रोग्रामर याला वर्कअराउंड म्हणेल. मूळ बग सोडवायचा तर आधी हा वर्कअराउंड काढावा लागतो. म्हणून ताऱ्यांनी दात सरळ आपल्या हाडावर उभे करतात आणि मधली फट उलट वाढते. सोळा महिन्यांत माझा चेहरा आधीपेक्षा वाईट दिसायला लागलाय. ऑफिसात लोक हळूच विचारतात, उपचार उलटा पडला का. आता सांगा, नुसतं दिसण्यासाठी करणारा माणूस दीड वर्ष पैसे देऊन वाईट दिसेल का?

पप्पांना हे लगेच समजलं. ते दीपनगरच्या वीज केंद्रातले. युनिट बंद करून ओव्हरहॉल घ्यायचा तर बंद असतानाचे दिवस मोजके असतात, तयारी मात्र आधीपासून चालते. बॉयलरवाले आणि टर्बाइनवाले वेगवेगळं ठरवून चालत नाही. माझ्याकडेही तसंच. मोजमापाचा एक्स-रे, जो १९३१ पासून या कामात आहे, आता सीटी स्कॅन, कॉम्प्युटरवर जबडा आधीच सरकवून बघणं, आणि त्यावरून छापलेली प्लॅस्टिकची पट्टी, जी ऑपरेशनच्या वेळी दातांमध्ये ठेवून जागा पक्की करतात. हाडाची वाढ थांबल्याशिवाय हे करत नाहीत, मुलांमध्ये थोडं अजून थांबतात. ऐकणाऱ्यांत सोळा-सतराचे असाल तर घाई करू नका, पण दाखवून ठेवा. धुळ्याला एसीपीएम डेंटल कॉलेज आहे. सरकारी डेंटल कॉलेजं छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि मुंबईत आहेत, मुंबई महापालिकेचं नायर डेंटल तर १९३३ पासून आहे. कॉलेजात खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. रांग असते, ते खरं.

विमा कंपनीला मी दुसरं पत्र लिहिलंय. त्यात सहा मिलिमीटर आहे, झिजलेल्या दाढांचे फोटो आहेत, सांध्याचा रिपोर्ट आहे, सर्जन आणि ऑर्थोडॉन्टिस्ट दोघांनी चावण्याबद्दल लिहून दिलंय. कावसजीबद्दल एक परिच्छेद होता, तो वकील मित्राने काढायला लावला. उत्तर अजून आलेलं नाही.

डिसेंबर म्हणजे आमच्याकडे भरताच्या वांग्यांचा ऐन सीझन, आणि मला निदान पहिले काही आठवडे पातळच खायचंय. आईने डॉक्टरांना फोनवर विचारलं की भरीत मिक्सरमधून काढलं तर चालेल का. चालेल म्हणाले, पण दाणे नको, आणि मिरची बेताची.